हॉलमधला खेळ बेडरूममध्ये : प्लेस्टेशन पोर्टल घ्यावं का?

स्वतःच्या बळावर एकही खेळ चालवू न शकणारं खेळाचं यंत्र कुणी का घ्यावं? सोनीने मे २०२३ मध्ये ‘प्रोजेक्ट क्यू’ या नावाने त्याची पहिली झलक दाखवली, तेव्हा बहुतेक जाणकारांनी हाच प्रश्न विचारला. मधोमध आठ इंची पडदा, दोन्ही बाजूंना सोनीच्याच पीएस ५ (प्लेस्टेशन ५) या कन्सोलच्या कंट्रोलरचे दोन अर्धे आणि काम एकच : घरातल्या पीएस ५वर चालणाऱ्या खेळाचं चित्र वायफायवरून आणायचं आणि इथे दाबलेल्या बटणांचा निरोप तिकडे पोचवायचा. घरी पीएस ५ नसेल, तर त्या वेळी या यंत्राचा काहीच उपयोग नव्हता. नाव ठेवलं ‘प्लेस्टेशन पोर्टल’.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी ते अमेरिकेत १९९.९९ डॉलरला विक्रीला आलं आणि भाकितं उलटली. सुरुवातीचे काही महिने दुकानांत माल टिकेना. भारतात ते वर्षभर उशिरा, ३ डिसेंबर २०२४ रोजी आलं, किंमत १८,९९० रुपये. म्हणजे जाणकारांनी नाक मुरडलं आणि गिऱ्हाइकांनी रांग लावली. दोघांचंही एका परीने बरोबर होतं, कारण या यंत्राचा निकाल खोक्यावर छापलेल्या तपशिलांवरून लागतच नाही. घरातला टीव्ही कुणाच्या ताब्यात असतो, राउटर कुठे बसवलाय, मधे भिंती किती आणि खेळणारा कोणत्या जातीचे खेळ खेळतो, यावर तो लागतो. एका घरात सोन्यासारखी ठरणारी वस्तू शेजारच्या फ्लॅटमध्ये आठवड्याभरात कपाटात जाऊ शकते.

कल्पना जुनीच

कन्सोल एका खोलीत आणि खेळणारा दुसऱ्या खोलीत, ही कल्पना सोनीला २०२३ मध्ये सुचलेली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये पीएस ३ आला, तेव्हाच सोनीच्या पीएसपी या छोट्या हँडहेल्डवर त्याचं चित्र पाहण्याची ‘रिमोट प्ले’ नावाची सोय होती. पण खेळ बनवणाऱ्यांनी त्यासाठी मुद्दाम तजवीज करावी लागे, ती फारशी कुणी केली नाही. त्यामुळे रिमोट प्ले म्हणजे मुख्यतः गाणी, फोटो आणि मोजके खेळ एवढंच राहिलं.

पुढचा मोठा प्रयोग निन्टेन्डोचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या वी यू या कन्सोलसोबत ६.२ इंची पडद्याचा गेमपॅड मिळायचा. घरच्या राउटरला मध्ये न घेता कन्सोल आणि गेमपॅड एकमेकांशी थेट बोलायचे. त्यामुळे बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसायला उशीर जवळपास जाणवत नसे. मर्यादा अंतराची होती : साधारण आठ मीटर, त्यातही भिंत आली की रडकथा सुरू. वी यूचे एकूण १ कोटी ३५ लाखांच्या आसपास नग विकले गेले, निन्टेन्डोच्या हिशोबाने ते अपयशच. मार्च २०१७ मध्ये स्विच आणताना कंपनीने चित्र दूर पाठवण्याचा नाद सोडला आणि अख्खा कन्सोलच हातात दिला.

सोनीने मात्र नाद सोडला नाही. २०१२ मध्ये तिने गायकाय ही स्ट्रीमिंगमधली कंपनी ३८ कोटी डॉलरला विकत घेतली आणि पुढच्या वर्षी आलेल्या पीएस ४मध्ये रिमोट प्ले जवळपास प्रत्येक खेळाला लागू केला. तो खेळायला साधन होतं पीएस व्हिटा. पडदा सुरेख, पण कंट्रोलरवरची खालची दोन ट्रिगर-बटणं व्हिटावर नव्हतीच. त्यांचं काम पाठीमागच्या स्पर्शपट्टीवर ढकललेलं असे. यंत्र धरताना बोटं नकळत त्या पट्टीवर टेकली की नको तेव्हा बंदूक सुटायची. पोर्टलला दोन अखंड मुठी का आहेत, याचं उत्तर व्हिटाच्या या त्रासात सापडतं.

पुढे सोनीने हीच सोय २०१६ मध्ये संगणकांवर आणि २०१९ मध्ये आयफोन व सर्वसाधारण अँड्रॉइड फोनांवर खुली केली. मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्ससाठी तोच मार्ग धरला. म्हणजे पोर्टल आलं तेव्हा ते जे करतं ते करणारं एक फुकट अॅप लोकांच्या खिशात चार वर्षं होतं. टीकाकारांचा सगळा रोख या एका गोष्टीवर होता, आणि तो रास्त होता.

बटण दाबल्यापासून उडी मारेपर्यंत

यंत्राचे गुणदोष कळायला आतला प्रवास समजून घ्यावा लागतो. पोर्टलवर बटण दाबलं की तो निरोप हवेतून राउटरकडे आणि तिथून पीएस ५कडे जातो. पीएस ५ पुढचं चित्र तयार करतो, पाठवण्याजोगं व्हावं म्हणून ते दाबून लहान करतो आणि राउटरमार्गे परत पाठवतो. पोर्टल ते उलगडून पडद्यावर दाखवतं. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या खेळात एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. या येरझारीत तीन-चार फ्रेमचा वेळ सहज निघून जातो आणि टीव्हीसमोर बसून खेळणाऱ्याच्या तुलनेत हा उशीर जास्तीचा असतो.

हा उशीर सरसकट सगळ्यांना नडतो असं नाही. बाल्डर्स गेट ३मध्ये पाळी आपली असेपर्यंत जग थांबलेलं असतं. बलॅट्रोमध्ये पत्ते मांडायला हवा तेवढा वेळ घ्या. अशा खेळांत चार फ्रेम आल्या काय, गेल्या काय. एल्डन रिंगमध्ये मात्र शत्रूचा वार अंगावर येण्याच्या ऐन क्षणी लोळण घ्यायची असते. तिथे हात सरावलेला असला तरी वेळ चुकतो आणि आपलं काय चुकलं तेच कळत नाही. स्ट्रीट फायटर ६सारख्या द्वंद्वात तर फ्रेम मोजूनच खेळतात, तिथे पोर्टल घेऊन बसणं म्हणजे हरायलाच बसणं.

सरासरी उशिरापेक्षा जास्त छळतो तो उशिराचा लहरीपणा. सतत तेवढाच उशीर असेल तर मेंदू पाच मिनिटांत जुळवून घेतो. पण वायफायवर एक फ्रेम वेळेवर, दुसरी उशिरा आणि तिसरी गायब, असं चालू झालं की जुळवून घ्यायला काही उरत नाही.

चित्राचंही तेच. दाबलेल्या चित्राला सेकंदाला ठरावीकच माहिती मिळते. खेळातलं पात्र शांत उभं असेल तर तेवढी पुरते आणि आठ इंचांवर चित्र देखणं दिसतं. पण स्पायडर-मॅन २मध्ये नायक न्यूयॉर्कच्या इमारतींमधून झोके घ्यायला लागला की पडद्यावरचा प्रत्येक ठिपका क्षणाक्षणाला बदलतो. माहिती अपुरी पडते आणि झाडांच्या, खिडक्यांच्या जागी मऊसर चौकोन दिसायला लागतात. अंधाऱ्या दृश्यांत काळ्याच्या छटा एकमेकींत विरघळण्याऐवजी त्यांचे पट्टे पडतात. लहान पडदा यातलं बरंच लपवतो, सगळं नाही.

हातात घेतल्यावर

आता यंत्राकडे वळू. त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्या दोन मुठी. पीएस ५च्या कंट्रोलरमधलं बारीक कंपन आणि दाबाला विरोध करणारे ट्रिगर दोन्ही पोर्टलमध्ये आहेत. धनुष्याची दोरी ताणताना बोटाला जाणवणारा ताण फोनला चिकटवायच्या कंट्रोलरवर येत नाही. पडदा १०८० पिक्सेलचा, सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा, एलसीडी आहे. ओएलईडीसारखा गडद काळा रंग त्यात नाही, पण खटकावं असंही काही नाही. आणि एकदा जोडणी झाली की बटण दाबायचं आणि खेळायला लागायचं. फोन काढा, कंट्रोलर जोडा, येणारे मेसेज बंद करा, ही खटपट नाही. अर्ध्या तासाचा मोकळा वेळ मिळालेल्या माणसाला या सुटसुटीतपणाची किंमत कळते.

उण्या बाजूही ठळक आहेत. ब्लूटूथ इअरफोन जोडता येत नाहीत. बिनवायरचे हवे असतील तर सोनीच्याच ‘प्लेस्टेशन लिंक’ पद्धतीचे घ्यावे लागतात, ते स्वस्त नाहीत. नाहीतर जुनी वायर खुपसायची सोय आहे आणि बहुतेकांनी तेवढ्यावरच भागवावं. वायफाय पाचव्या पिढीचं आहे. २०२३ मध्ये सहावी पिढी मध्यम किमतीच्या फोनांतही आलेली असताना, ज्याचा सगळा जीव वायफायवर आहे त्या यंत्रात ही काटकसर अनाकलनीय वाटते. मूळ कंट्रोलरवरच्या टचपॅडची जागा पडद्यावरच्या दोन चौकोनांनी घेतली आहे, ते वापरताना अंगठा बटणांवरून उचलावा लागतो. नेटफ्लिक्स, यूट्यूब किंवा ब्राउझर यांपैकी काहीही पोर्टलवर चालत नाही. व्हीआर हेडसेटचे खेळही नाहीत.

घोडं अडतं ते घरात

एवढं झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते ती घराची. आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेटची तार मुख्य दारातून आत येते, म्हणून राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटाच्या वर टांगलेला असतो. पीएस ५ हॉलमध्ये टीव्हीखाली आणि आतली बेडरूम पार दुसऱ्या टोकाला. मध्ये विटांच्या दोन भिंती, एखादा काँक्रीटचा खांब आणि स्वयंपाकघरातला फ्रिज. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून बरी जाते, पण शेजारच्या दहा घरांचं वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची तिथे गर्दी. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी आणि वेगवान, पण दोन भिंतींत दमते. पोर्टलला हवी ती दुसरी, आणि नेमकी तीच बेडरूमपर्यंत धड पोचत नाही.

यावरचा पहिला उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : पीएस ५ला वायफायवर न ठेवता राउटरला लॅन केबलने जोडणं. दोन्ही टोकं वायफायवर असतील तर प्रत्येक निरोपाला हवेतले दोन टप्पे करावे लागतात. केबल लावली की एक टप्पा गळतो आणि लहरीपणा बराच कमी होतो. दुसरा उपाय राउटर घराच्या मध्यावर आणण्याचा. मोठ्या घरात आणखी एक वायफाय केंद्र बसवावं लागतं आणि हा खर्च पोर्टलच्या किमतीत धरायला हवा. पीएस ५कडूनच चित्र अडखळत निघत असेल, तर पोर्टलने तरी काय करावं? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

दुसरी अडचण विजेची. टीव्ही बंद असताना पोर्टलने पीएस ५ला जागं करायचं तर तो ‘रेस्ट मोड’मध्ये हवा, आणि सेटिंगमध्ये इंटरनेटशी जोडलेलं राहण्याची व नेटवर्कवरून सुरू होण्याची परवानगी दिलेली हवी. घरात असाल आणि लाइट गेली तर वाट पाहायची, एवढंच. पण तुम्ही गावाला असाल आणि मागे पाच मिनिटं वीज गेली, तर ती परत आल्यावर पीएस ५ आपणहून उठत नाही. मग आईला फोन करून टीव्हीखालच्या पांढऱ्या डब्याचं कोणतं बटण दाबायचं ते समजावत बसायचं.

घराबाहेर खेळण्याचा हिशोब तर वेगळाच आहे. सोनीच्या म्हणण्यानुसार किमान ५ आणि बऱ्या अनुभवासाठी १५ मेगाबिट वेगाचं इंटरनेट लागतं. बाहेर असताना घरच्या जोडणीचा डाउनलोड नव्हे, अपलोडचा वेग मोजायचा, कारण चित्र घरातून बाहेर निघतं. १५ मेगाबिटने सलग चाललं तर ताशी पावणेसात जीबी डेटा खर्च होतो. पोर्टलमध्ये सिमकार्ड बसत नाही, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि रोजच्या २ जीबीचा प्लॅन असला, तर तो सुमारे १८ मिनिटांत संपला. हॉटेलात किंवा विमानतळावर आधी मोबाइल नंबर मागणारी वायफाय पानं असतात. तिथे पोर्टल सुरुवातीला चालतच नसे, ही सोय जून २०२४ च्या अपडेटने दिली. त्यातून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे वेग चांगला असूनही बाहेरून घरचा पीएस ५ सापडत नाही, असंही होतं.

पुण्यात पीएस ५ ठेवून शिक्षणासाठी फ्रँकफर्टला गेलेल्या मुलाने घरच्या कन्सोलवर भिस्त ठेवू नये. दोन शहरांत सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर अंतर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे नुसतं जाणं-येणं ६५ मिलिसेकंदांचं. तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. कोणतंही यंत्र हा उशीर कमी करू शकत नाही.

ढगातला खेळ, आपल्या वाट्याला नाही

मूळ टीकेला सोनीने स्वतःच एक उत्तर दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्टलवर क्लाउड स्ट्रीमिंगची चाचणी सुरू झाली : घरच्या पीएस ५ऐवजी सोनीच्या सर्व्हरवर खेळ चालणार आणि चित्र थेट पोर्टलवर येणार. वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये ही सोय पक्की झाली आणि स्वतः विकत घेतलेल्या डिजिटल खेळांपैकीही पुष्कळ तसे खेळता येऊ लागले. अट एकच, प्लेस्टेशन प्लसची ‘प्रीमियम’ वर्गणी. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यासाठी यामुळे पोर्टल पार बदललं. पीएस ५ बंद असो, त्यावर दुसरं कुणी खेळत असो, आपलं अडत नाही.

भारतात मात्र वर्गणीची वरची श्रेणी ‘डीलक्स’ नावाने येते आणि तिच्यात क्लाउडचा लाभ नाही. म्हणून परदेशातली कौतुकाची ताजी परीक्षणं वाचून इथे निर्णय घेणं धोक्याचं आहे. तीच वस्तू इथे २०२३ च्याच रूपात काम करते आणि एका वेळी पीएस ५वर एकच जण खेळू शकतो. भावाने टीव्हीवर खेळ लावला की बहिणीच्या हातातलं पोर्टल बेकार.

बाकीचे मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग फोनचा. अॅप फुकट आहे आणि पीएस ५चा कंट्रोलर फोनला ब्लूटूथने जोडता येतो. फोन टेकवून ठेवायला एक स्टँड लागतो, पडदा लहान आणि बॅटरी झपाट्याने उतरते. दुधाची तहान ताकावर भागवायची असेल तर हे पुरे. घरात टॅब्लेट असेल तर पडद्याची तक्रारही मिटते, आणि बिछान्यात पडून खेळायचं नसेल तर पोर्टलची गरज जवळपास उरत नाही. फोनच्या दोन्ही बाजूंना चिकटणारे बॅकबोन किंवा रेझर किशीसारखे कंट्रोलर मधला मार्ग ठरतात. फोन बदलला तरी ते कामाला येतात आणि पीएस ५ विकला तरी वाया जात नाहीत.

दुसऱ्या टोकाला स्वतःच खेळ चालवणारी यंत्रं आहेत. व्हॉल्व्हचं स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये ३९९ डॉलरपासून सुरू झालं. ते रेल्वेत चालतं, इंटरनेट लागत नाही आणि एका मुक्त-स्रोत अॅपच्या मदतीने पीएस ५चा रिमोट प्लेही दाखवतं. पैसे निदान दुप्पट, पण पोर्टलचं काम त्यात पोटात येतं. आणखी एक घरगुती पर्याय म्हणजे बेडरूमसाठी साधा ३२ इंची टीव्ही. तो पोर्टलपेक्षा स्वस्तात येतो, घरातले सगळे तो पाहू शकतात, फक्त जडजूड पीएस ५ खोल्याखोल्यांतून मिरवत न्यावा लागतो.

आणखी एक जोखीम सहसा कुणी हिशोबात धरत नाही. भारतात पोर्टल फक्त पीएस ५शी बांधलेलं आहे. व्हिटाची रिमोट प्लेची सोय पीएस ४वरच थांबली, पीएस ५पर्यंत ती आली नाही. उद्या सोनीने ही सेवा आवरती घेतली, तर फोन फोनच राहतो, स्टीम डेक संगणकच राहतं, पोर्टलचं मात्र काहीच उरत नाही. गूगलची स्टेडिया सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, हे फार जुनं उदाहरण नाही.

मग घ्यावं का?

पोर्टल खेळ देत नाही, टीव्हीची पाळी न लावता खेळायला मिळणारा वेळ देतं. ज्या घरात एकच टीव्ही आहे, संध्याकाळी त्यावर मालिका किंवा सामना लागलेला असतो, पीएस ५ राउटरला केबलने जोडता येतो आणि खेळणारा गोष्टीत रमणारा आहे, तिथे ते किमतीला उतरतं. मूल झोपल्यावर दिवा मालवून तासभर खेळू पाहणाऱ्या आईबापांनाही तसंच. त्यांच्यापैकी अनेकांचे पुरे न झालेले लांबलचक खेळ यावरच संपतात.

प्रवासासाठी म्हणून घेणाऱ्याने घेऊ नये. ऑनलाइन नेमबाजी, मारामारी किंवा शर्यतींत रमणाऱ्यानेही नाही. एकट्याने राहणाऱ्याचा टीव्ही तसाही मोकळाच असतो. भारतात क्लाउडची सोय येईपर्यंत ‘पुढे उपयोगी पडेल’ या भरवशावर तर मुळीच नको, कारण आजची किंमत आजच्या उपयोगावर मोजायची असते.

आणि दुकानात जाण्याआधी एक काम. फोनवर रिमोट प्लेचं अॅप टाका, कंट्रोलर जोडा आणि जिथे पोर्टल घेऊन बसायचा विचार आहे त्याच जागी, त्याच वेळी, नेहमीचा खेळ आठवडाभर खेळा. चित्र फुटत असेल तर आधी केबल आणि राउटर सुधारा, नवं यंत्र आणून ते सुधारणार नाही. चित्र नीट येत असेल आणि आठवड्यानंतरही रोज रात्री फोन घेऊन आतल्या खोलीत जावंसं वाटत असेल, तर पोर्टल घ्या, पश्चात्ताप होणार नाही. तिसऱ्या दिवशीच कंटाळा आला, तर १८,९९० रुपयांत पूर्ण किमतीचे साडेतीन-चार नवे खेळ येतात. ते घ्या आणि हॉलमध्ये टीव्हीवर खेळा.